उंडुकावरची पट्टी

मी उंडुकाचा एक जुना नमुना आहे, प्लास्टरचा. मित्रांनो, नाव ऐकून हसू आले ना? हसा. हृदयाचे नाव घेतले की लोक छातीवर हात ठेवतात, माझे घेतले की तोंडावर. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे पोटात उजवीकडे खाली एक पिशवी असते. तेच उंडुक. त्याला लोंबणारी शेपटी म्हणजे तुमचे अपेंडिक्स. सगळे चौकशी करतात ती शेपटीची. मी आपला कामापुरता मामा.

एका मूर्तिकाराने मला वैद्यकीय महाविद्यालयासाठी घडवले. खऱ्या उंडुकावर स्नायूंच्या तीन पट्ट्या असतात, तशा त्याने माझ्या अंगावर उठवल्या. तिन्ही शेपटीच्या बुडाशी एकत्र येतात. शरीररचना शिकवणाऱ्या बाई मला मुलांच्या हाती देत आणि म्हणत, "डोळे मिटा. पट्टी धरा, खाली जा. शेपटी कुठेही दडू दे, पट्टी तिच्यापाशी नेतेच." वर्षानुवर्षे घामेजलेली बोटे माझ्यावरून फिरली. मी झिजलो, पण त्या झिजण्यात समाधान होते.

मग कॉलेजच्या तपासणीला मोठे लोक येणार म्हणून मला रंगवायला धाडले. रंगाऱ्याला त्या पट्ट्या प्लास्टरचे ओघळ वाटले. बिचाऱ्याने मन लावून घासले, खाचा बुजवायची लांबी भरली, गुलाबी रंग चढवला. "अगदी नवा दिसतोय," प्राचार्य म्हणाले. इतके कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. बाईंनी मात्र डोळे मिटून बोट फिरवले. ते नुसतेच घसरत राहिले.

त्यानंतर मी कपाटात पडून राहिलो. गरज सरो, वैद्य मरो. परवा कारकुनाने भंगारात काढायच्या सामानावर खडूने फुल्या मारल्या, एक माझ्यावरही.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "आता माझ्याच्यानेही होत नाही." त्या खुर्चीत बसून राहिल्या. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात त्यांची भाची आली. ती याच कॉलेजात मलाच चाचपून शिकलेली, आता सर्जन.

"मावशी, चहा दे. उभं राहून पाय गेले. आज अपेंडिक्स सापडतच नव्हतं गं. उंडुकाच्या पार मागे दडलेलं."

"मग?"

"मग काय, पट्टी धरली आणि खाली गेले."

"पेशंट?"

"बरा आहे. भूक लागली म्हणतोय."

 बाईंनी मला मांडीवर घेतले आणि बोथट सुरीने रंग खरवडायला लागल्या. लांबीखाली पट्टीचा जेमतेम उंचवटा उरला होता. एक पट्टी मोकळी होईपर्यंत त्यांचा हात भरून आला. भाचीने चहा बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि बोट टेकवले. ते थांबत थांबत शेपटीशी पोहोचले.

"आहे," ती म्हणाली. बाईंनी पदराने खडूची फुली पुसली.

मित्रांनो, जुनी वस्तू नवी करण्याआधी एकदा डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवा. तिचे काम बोटांना कळते. मी आता ओरखड्यांनी विद्रूप झालो आहे, आणि खरे सांगतो, फार थकलो आहे. पण उद्या सकाळी तास आहे. तेवढे मला मुलांच्या हाती द्या.