मागच्या खोलीपर्यंतचं नेट

आधी माझं ऐकून घ्या, मग हवं तेवढं थोबाडीत मारा. मी वायफायचा रिपीटर. जन्म कुठल्याशा कारखान्यात, पण कर्म तिसिमीन गावातल्या एलिहियाबाईंच्या घरी. काम एकच, कानावर येईल ते पुढे सांगायचं.

एलिहियाबाई प्रार्थना सांगतात. गावात कुणाकडे माणूस गेलं की नऊ दिवस संध्याकाळी जपमाळ घेऊन बसायचं आणि नवव्या दिवशी त्याला निरोप द्यायचा, हा त्यांचा पिढीजात वसा. यंदा गेला तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ फुलहेन्सियो, आणि तोही दूर उत्तरेला, मॉन्तेरे शहरात. त्याची बायको नेल्दा म्हणाली, "वन्सं, इथे कुणाला धड प्रार्थना येत नाही. तुम्हीच फोनवरून सांगा."

आता गंमत बघा. नेटचा डबा रस्त्याकडच्या खोलीत आणि देव्हारा पार मागच्या खोलीत. मधे हातभर जाडीच्या दगडी भिंती. बरं, एकदा मांडलेला देव्हारा नवव्या दिवसाआधी हलवायचा नाही. म्हणून त्यांचा भाचा विल्बर्थ मला घेऊन आला. "जिथे नेट नाही तिथेच लावतो, आत्या," म्हणाला आणि मला थेट देव्हाऱ्यातल्या संत आंतोनियोच्या पायाशी, तिथल्या प्लगमधे खोचलं. माझी माहितीपुस्तिका गेली देव्हाऱ्याच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली.

अहो, जिथे मलाच काही ऐकू येत नाही, तिथून मी काय डोंबल सांगणार? पहिल्या दिवसापासून मी लाल दिवा लावून बोंबलतोय. बाईंना तो दिवा आवडला. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला आणि झेंडूची दोन फुलं ठेवली.

आठ दिवस तेच. प्रार्थना मधेच तुटायची, नेल्दाचा चेहरा आ वासून थिजायचा आणि थप्पड मला. "फुकट गेला हा," विल्बर्थ म्हणायचा. मी फुकट गेलो म्हणे! भावाच्या मातीला बाईंना जाता आलं नव्हतं. नववा दिवसही तुटला असता, तर निरोप द्यायचाच राहिला असता.

नवव्या दिवशी पाचला दहा कमी असताना विल्बर्थने अखेर ती पुस्तिका उपसली. "आत्या, लाल म्हणजे ह्यालाच ऐकू येत नाहीये."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मलाच त्याची दया आली. "घर माणसांनी भरलेलं असलं की प्रार्थनेला मी कुठे उभी राहते रे?"

"मधल्या दारात."

"का?"

"पुढच्यांचं तुला ऐकू यावं आणि परसातल्यांना तुझं."

"मग ह्याला परसातल्यांबरोबर बसवून काय मिळवलंस?"

मधे स्वयंपाकघर. तिथे एकच प्लग, तोही फ्रिजचा. बाईंनी फ्रिजची वायर ओढून काढली.

"आत्या, आत उद्याची कोंबडी आहे."

"ती मेलेलीच आहे. लाव ह्याला."

लागलो. हिरवा झालो. मॉन्तेरेची मंडळी एका सुरात उत्तरं देत होती आणि मी अक्षर न् अक्षर मागे पोचवत होतो. शेवटी गेलेल्याचं नाव घेऊन "आता सुखाने जा" म्हणायचं असतं. बाईंनी शेकडो लोकांना असं वाटेला लावलंय. "फुलहेन्सियो," त्या म्हणाल्या, आणि पुढे शब्द फुटेना.

"वन्सं? नेट गेलं का?" नेल्दाने विचारलं.

विल्बर्थने आत्याकडे पाहिलं. "हो काकू, इथलं जातंय-येतंय. रिपीटरच भिकार आहे. दोन मिनिटं थांबा," म्हणाला आणि फोन पालथा घातला.

दोन मिनिटांनी बाईंनी डोळे पुसून निरोप पुरा केला. मी अजून स्वयंपाकघरातच आहे. फ्रिजला दुसरा प्लग मिळाला.

नेट तेव्हा ठणठणीत होतं. माझ्यावर आलेल्या प्रत्येक खोट्या आळावर मी चरफडलो आहे. हा एक मात्र माझ्याच नावावर राहू द्या. नेल्दाला कुणी खरं सांगू नका.