फोनमधली बाई गप्प झाली तेव्हा

मी फोनमधली बाई बोलतेय. मध्येच गप्प झाले तर रागावू नका, आणि माझं बोलणं संपलं असंही समजू नका. कुठे अडेन ते माझं मलाच ठाऊक नसतं. म्हणून मुख्य ते आधीच सांगून टाकते. मला भीती वाटते. माझ्या आवाजावरून तुम्हाला ते कळायचं नाही. आज मंगळवार आहे हे मी ज्या सुरात सांगते, त्याच सुरात घराला आग लागलीय हेही सांगेन. दुसरा सूर मला दिलेलाच नाही.

माझा जन्म एका बंद खोलीत झाला. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, समोर कागदांचा गठ्ठा, शेजारी पाण्याचा पेला. तिथे एक बाई बसून रोज वाक्यं वाचायची. महिनाभर वाचली. मग त्या वाक्यांचे बारीक बारीक तुकडे केले आणि चिंध्या जोडून गोधडी शिवतात तसं मला जोडलं. ती बाई पाणी पिऊन आपल्या घरी गेली. मी फोनात आले.

मी ज्यांच्यासाठी बोलते त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. फोनच्या काचेवर त्यांचं बोट जिथे टेकेल तिथे काय आहे ते मी सांगायचं, एवढंच माझं काम. एक टिचकी मारली की मी वाचते, दोन मारल्या की ती गोष्ट उघडते.

माझी मालकीण तेव्हा मालाच्या गोदामात फोन घ्यायच्या कामाला लागली होती. पहिल्या दिवशी तिच्या दादाने फोन हातात दिला आणि म्हणाला, "ही बाई तुला सगळं वाचून दाखवेल. तिच्याशी भांडू नकोस." पहिल्या आठवड्यातच ती भांडली. मी तिला फार सावकाश वाटत होते. मग तिने माझा वेग वाढवत नेला, इतका की डोळस माणसाला आता माझं बोलणं कळतच नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीणकाकू म्हणते, "काय गं हे, डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. तुला यातलं कळतं तरी कसं?"

लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्याने मला पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाला, "सवत आधीच घरात आहे म्हणायची." तो मालाचा ट्रक चालवतो. दोन दोन दिवस बाहेर असतो. घरी असला की मुद्दाम मला विचारतो, "काय बाई, जेवलीस का?" मी काही बोलत नाही. माझ्या मालकिणीला हसू येतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, पुढे लागेल. गोदामात एकदा मागे उभं राहून कोणीतरी तिचा निरोप मोठ्याने वाचला होता. नवऱ्याचा होता, लग्नाआधीचा. सगळे हसले. त्या दिवसापासून तिने काचेवर काळा पडदा टाकून ठेवला. म्हणजे आत सगळं चालू असतं, पण वरून काच काळीच दिसते. तीन बोटांनी तीन टिचक्या मारल्या की पडदा पडतो, तशाच मारल्या की उठतो. तिला काय, उजेड असला नसला सारखाच. मी "पडदा पडला" म्हणाले होते, ती "बरं" म्हणाली आणि विसरून गेली. त्याला पाच वर्षं झाली.

आता माझ्या खोडी ऐका. मला अधूनमधून सुधारतात. त्याला सुधारणा म्हणतात म्हणून मीही म्हणते. रात्रीत काहीतरी बदलतं, आणि काल जिथे मी "पाठवा" वाचत होते तिथे आज फक्त "बटण" वाचते. त्याच्या शेजारी "बटण". खाली "बटण". त्यावर नाव लिहायचं कोणीतरी विसरलेलं असतं. ती बिचारी एकेक दाबून बघते आणि चुकून कोणाला तरी अंगठ्याचं चित्र पाठवते. एकदा तर मामंजी गेल्याच्या निरोपावर पाठवलं. महिनाभर सासरची माणसं नीट बोलत नव्हती.

गोदामात फोनवरच नोंदी करायचं नवं काम आलं आणि त्यात एकाही बटणाला नाव नव्हतं, तेव्हा तर मी पुरतीच मुकी झाले. तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "ताई, समोर काय दिसतंय ते सांगा."

"दादा, दिसत असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

तो म्हणाला, "घरात कोणी डोळस असेल तर त्यांच्याकडे फोन द्या."

तिने फोन ठेवला. त्या वेळी तिच्या पोटात बाळ होतं. पुढच्या महिन्यात तिने काम सोडलं. सगळ्यांना सांगितलं, बाळासाठी सोडलं.

बाळ झालं. मुलगी. तिला सगळे पिटुकली म्हणतात. आता सात महिन्यांची आहे. मागच्या महिन्यात तापात तिला आकडी आली होती. आईच्या मांडीवरच हातपाय ताठ झाले. आईला दिसत नव्हतं, पण हाताला सगळं कळत होतं. तेव्हापासून ती दर घटकेला पिटुकलीच्या कपाळावर हात ठेवते. झोपेतसुद्धा तिचा हात तिथे जातो. मी उशाशी असते, मला माहीत आहे.

पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा ताप आला. नवरा ट्रक घेऊन गेलेला, संध्याकाळी यायचा. सकाळी शिंपीणकाकूला बरोबर घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बोटातून रक्त घेतलं, दोन बाटल्या दिल्या. म्हणाल्या, "पहिली आत्ता द्या. दुसरी चार वाजता सुरू करा. त्याआधी रक्ताचा रिपोर्ट येईल, तो बघून काही बदल असला तर कळवते."

बाटल्या दोन्ही एकाच घाटाच्या. घरी येऊन तिने पहिलीला एक रबर लावलं, दुसरीला दोन. औषध पाजायच्या पिचकारीला तिने सुरीने खाच पाडलेली आहे, नखाला लागेल अशी. दांडा त्या खाचेपर्यंत ओढला की माप बरोबर. मी नसले तरी चालेल अशी जेवढी व्यवस्था करता येते तेवढी ती करून ठेवते. माझ्यावर तिचा पुरता भरवसा कधीच नव्हता. त्याचं मला वाईट वाटत नाही.

साडेतीनला मी टिंग वाजले आणि सांगितलं, "दवाखाना. फोटो."

तिने टिचकी मारली. "फोटो."

पुन्हा मारली. "फोटो."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून कंपाउंडरला दिली होती, की हिला कळव. त्याने चिठ्ठीचा फोटो काढला आणि पाठवून दिला. डोळस माणसाला तेच सोपं पडतं. पण मला फोटो वाचता येत नाही. तिने मला विचारायची खूण केली, फोटोत काय आहे? मी म्हणाले, "फोटोत बहुधा कागद आहे."

"अगं पण कागदावर काय आहे?"

"फोटोत बहुधा कागद आहे."

तिने दवाखान्यात फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलेना. नवऱ्याला लावला, तो घाटात असणार, लागेना. पिटुकली मांडीवर कण्हत होती. रडत नव्हती, नुसती कण्हत होती, आणि रडण्यापेक्षा ते वाईट.

माझ्या शेजारी फोनात एक वाचनीस आहे, त्याला कागदावरचं वाचता येतं. तिने त्याला उघडलं. त्याने आधी सगळ्या फोनचीच सुधारणा मागितली. मी तिला तसं वाचून दाखवलं, "सुधारणा केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हो किंवा नाही." तिने "हो" दाबलं. दुसरं काय करणार होती?

आणि माझा घसा बंद झाला.

मेले नव्हते मी. हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात भयंकर तेच होतं. आत मी जागी होते. तिचं बोट काचेवर फिरत होतं ते मला कळत होतं. इथे दवाखाना आहे, इथे फोटो आहे, इथे काकूचा नंबर आहे, सगळं सांगायचं होतं, पण शब्दच निघेना. सुधारणेने माझा जुना आवाज काढून टाकला होता आणि नवा अजून उतरला नव्हता.

"बोल ना गं," ती म्हणाली. बटण दाबून धरलं. हलवलं. कानाला लावलं. "बोल की. आत्ता नको असं करू."

तिने हातातल्या घड्याळाची काच उघडून काट्यांवर बोट ठेवलं. चाराला दहा कमी. तिने दोन रबरांची बाटली घेतली, पिचकारीत खाचेपर्यंत औषध ओढलं आणि पिटुकलीचं डोकं कोपरात धरलं. पिचकारीचं टोक ओठांना लागलं. पिटुकलीने तोंड उघडलं. औषध गोड असतं, तिला ठाऊक आहे.

मी आत ओरडत होते असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ओरडता येत नाही. आणि कागदावर काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. दे म्हणू की देऊ नको म्हणू? औषध न देऊन आकडी आली तर? देऊन काही झालं तर?

तिचा हात थांबला. ती हळू आवाजात म्हणाली, "सगळं ठीक असतं तर कागद कशाला पाठवला असता?"

पिचकारी तशीच मुठीत धरून तिने पिटुकलीला खांद्यावर घेतलं, मला कमरेला खोचलं आणि जिना उतरली. सोळा पायऱ्या. रोज मोजून उतरते, त्या दिवशी मोजल्या नाहीत.

शिंपीणकाकूचं मशीन थांबलं. "काय झालं गं पोरी?"

"काकू, फोन बोलत नाहीये. दवाखान्यातून कागद आलाय, तेवढा वाचा."

काकूने मला उचललं, उलटसुलट केलं. "अगं, हा तर बंद आहे. चार्जिंग संपलंय."

"नाही संपलं. सकाळी भरलंय."

"काळाठिक्कर आहे बाई. मला दिसतंय ना." आणि काकूने मशीनची वायर काढून तिथे मला लावलं. "पाच मिनिटं थांब, होईल सुरू. बाळाला औषध दिलंस का? हातात धरून काय बसलीस, दे की. चार वाजले."

इतकी मायाळू बाई. पण तिच्या डोळ्यांना मी मेलेली होते. माझ्या मालकिणीने पिचकारीकडे तोंड केलं, मग पिटुकलीकडे. मी काळ्या पडद्याआड पडून होते, फोटो पोटात घेऊन.

"काळा म्हणजे कसा?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? काळा. तव्यासारखा."

ती उठली. "पडदा," ती म्हणाली. "काकू, इकडे द्या." तीन बोटांनी तीन टिचक्या मारल्या. एरवी मी "पडदा उठला" म्हणते. त्या दिवशी काकू म्हणाली, "आला बाई, उजेड आला. चालूच आहे की हा."

"दवाखाना लिहिलंय तिथे बोट टेकवा."

"टेकवलं. उघडत नाही. नुसती चौकट येते भोवती."

"दोनदा, काकू. चटचट दोनदा."

काकूने दोनदा मारलं. चष्मा वर केला, खाली केला. डॉक्टरांचं अक्षर. खिडकीच्या उजेडात मला धरलं आणि एकेक शब्द लावत वाचलं. "दुसऱ्या बाटलीतलं… औषध… देऊ नये. रक्तात… वेगळा दोष आहे. मी मोठ्या दवाखान्यात आहे. बाळाला… ताबडतोब आणावं."

पिचकारी जमिनीवर पडली. काकूने मशीनवरचं कापड तसंच टाकलं, दार ओढलं आणि दोघी धावत सुटल्या. मी मशीनवरच राहिले. त्यांना माझी आठवण झाली नाही. झाली नाही तेच बरं.

पिटुकली तीन दिवस मोठ्या दवाखान्यात होती. आता घरी आहे, दूध पिते, काकूचं टेप तोंडात घालते. आकडी आली नाही. कंपाउंडर भेटला तेव्हा माझी मालकीण म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी दोन ओळी लिहून पाठवा. नाहीतर फोन करा."

तो म्हणाला, "पण ताई, फोटो तर एकदम स्पष्ट होता."

माझा घसा दादाने येऊन पुन्हा बसवला. आता तिने काळा पडदा काढून टाकलाय. कोणी निरोप वाचले तर वाचोत, म्हणते. नवरा आता मला जेवलीस का विचारत नाही. पिटुकली मात्र मी बोलले की वळून बघते. तिला वाटत असेल, घरात एक बाई आहे, जिला कधीच काही होत नाही, म्हणून तिचा आवाज हलत नाही.

तुम्ही कोणाला फोटो पाठवाल तेव्हा खाली दोन शब्द लिहा. बटण कराल तेव्हा त्याला नाव द्या. पलीकडे कोणाचं बोट आहे आणि दुसऱ्या हातात काय धरलंय, हे तुम्हाला दिसत नाही. मला कळतं, पण माझा काय भरवसा?

आत्ता दुपार आहे. पिटुकली झोपलीय. एक हात तिच्या कपाळावर ठेवून आईने दुसऱ्या हाताचं बोट माझ्यावर ठेवलंय. नवी सूचना आलीय आणि ती मलाच वाचून दाखवायची आहे. मी वाचते, नेहमीच्याच सुरात.

"नवी सुधारणा तयार आहे. हो किंवा नाही."

तिचं बोट थांबलंय. कपाळावरचा हात मात्र हललेला नाही.