अडेलने निवडलेली गाडी

अडेलने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, खिशातून एक नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत उभं खुपसलं. नाणं अर्धंही आत गेलं नाही. मग ती लाल गाडीला वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी गेली, तिसऱ्यापाशी, चौथ्यापाशी. वाकताना दर वेळी ती डावा हात पोटाशी धरत होती. कालच्या डायलिसिसच्या सुया त्याच हाताला टोचल्या होत्या आणि कोटाच्या बाहीखाली पट्टी अजून तशीच होती.

"मागचे दोन नवे, पुढचे दोन झिजलेले," ती म्हणाली. "जिल्बेर, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला असले बेजोड टायर कोण घालतं? दोन हिवाळ्यांत आतले गिअर खाऊन टाकतील ते."

जिल्बेर जुन्या गाड्या घ्यायचा आणि विकायचा. लहानपणी तो अडेलच्याच स्कूलबसमधून शाळेत जायचा. आता पंचेचाळिशी उलटली, तरी तिच्यासमोर उभं राहिलं की त्याचे हात आपोआप खिशातून बाहेर येत.

"मी गिऱ्हाइकाला आधी कॉफी पाजतो आणि मग गाडी गळ्यात मारतो, अडेलबाई. तुम्ही कॉफीलाच हात लावत नाही."

"मला दिवसाला मोजून चार कप पाणी. त्यात तुझी कॉफी कुठे बसवू?"

तिने खिशातून टॉर्च काढला आणि गुडघ्यांवर बसून गाडीखाली पाहिलं. खालच्या बाजूला नवाकोरा काळा रंग फासला होता. तिने किल्लीने एका ठिकाणी ठोकलं, तशी रंगासकट गंजाची खपली बर्फावर पडली. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने लोखंड आतून खाल्लं होतं.

"ही राहू दे," ती म्हणाली, आणि उठायला नवऱ्यापुढे हात केला.

आल्सीदने तिला उठवलं. मागच्या महिन्यापेक्षाही ती हलकी लागली. त्याने तिच्या गुडघ्यांवरचा बर्फ झटकला आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहिला. गाड्यांच्या बाबतीत त्याला बोलण्यासारखं काही नव्हतं. नदीकाठच्या कागद गिरणीत त्याने अडतीस वर्षं काढली होती आणि घरापासून गिरणीपर्यंत तो पायीच जायचा. गाडी अडेलची. हिवाळ्यात तर तिच्याशिवाय कोणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तीस वर्षं तिने या खोऱ्यातली पोरं बर्फातून शाळेत पोचवली आणि घरी आणली, आणि एकदाही बस रस्ता सोडून गेली नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वी तिच्या किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, साठ मैल दक्षिणेला जायचं आणि साठ मैल परत. जाताना ती चालवायची. येताना तिच्या अंगात मान धरण्याइतकंही त्राण नसायचं, म्हणून तो चालवायचा. नोव्हेंबरमध्ये असंच परत येताना जुनी गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या चरात जाऊन कलंडली. पावणेदोन तास त्या रस्त्याला कोणी आलं नाही. त्याने हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं होतं. ती डोळे मिटून पडली होती, तरी तिच्याच लक्षात आलं. "इंजिन बंद कर," ती म्हणाली होती. "धुराचं नळकांडं बर्फात रुतलंय. झोपेतच जाऊ दोघं." त्याने बंद केलं. मग ती त्याच्या कोटात थरथरत राहिली. शेवटी एक बर्फ काढणारा ट्रक आला आणि त्याने गाडी ओढून बाहेर काढली. त्या दिवसाबद्दल तिने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"ही बघा," जिल्बेर म्हणाला.

ही गाडी करडी होती, मोठी, उंच. खालून स्वच्छ, चारही टायर एका वयाचे. आल्सीदने शेजारच्या सीटचं दार उघडलं. त्याने बाजूचं बटण दाबलं, तशी सीट हळूहळू मागे गेली आणि पलंगासारखी आडवी झाली. दुसरं बटण दाबून त्याने तळवा सीटवर टेकवला. कापड गरम व्हायला लागलं होतं.

"अडेल, इथे बस बरं. येताना आडवं पडता येईल तुला. पाठीला ऊब पण राहील."

"छान आहे," ती म्हणाली, पण बसली नाही. ती पुढून गाडीचं तोंड बघत होती. "तू स्टिअरिंगवर बस. गाडीच्या नाकाचं टोक दिसतं का तुला?"

"नाही दिसत."

"मागचा कोपरा?"

त्याने मान वळवून पाहिलं. "कॅमेऱ्यात दिसतो की."

"कॅमेऱ्यावर मीठ आणि चिखल बसला की काय करशील?" ती जिल्बेरकडे वळली. "ती हिरवी कुणाची?"

"एका म्हाताऱ्या शिक्षिकेची. मुलाकडे गेली राहायला. गाडी चांगली आहे, नीट सांभाळलेली. पण लहान पडेल तुम्हाला. आणि शेजारची सीट मागे होत नाही, अडकलीय. तिची ऊबही बंद आहे."

अडेलने हिरव्या गाडीचे टायर पाहिले, खाली टॉर्च मारला, किल्लीने चार जागी ठोकलं. आतला गालिचा उचलून वास घेतला. पुढच्या जाळीतून इंजिन गरम ठेवायच्या हीटरची वायर लोंबत होती, तिचा प्लग हातात घेऊन पाहिला. मग आल्सीदला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः बाहेर, बर्फात उभी राहिली.

"स्टिअरिंग पूर्ण वळव आणि हळूहळू गोल फिर. झटके बसतात का बघ."

तो फिरला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळली.

"आता उलटा."

तो उलटाही फिरला. काचेतून तिची गुंडाळलेली, बारकी आकृती दर फेरीत समोर येत होती आणि मागे जात होती.

"नाक दिसतं?"

"दिसतं."

"वायपरची कांडी न बघता सापडते? काचेवरचं दव घालवायचं बटण?"

त्याने समोर बघत हाताने चाचपडलं. सापडलं.

"हीच घ्यायची," अडेल म्हणाली.

आल्सीद खाली उतरला. "अगं, पण तुझी सीट. साठ मैल ताठ बसून येणार आहेस का?"

"चालेल मला."

"मी दुरुस्त करून देतो ना," जिल्बेर म्हणाला. "दुसऱ्या गाडीची सीट काढून बसवू. आठवडाभरात होईल."

"त्याची गरज नाही," ती म्हणाली. जिल्बेरने आल्सीदकडे पाहिलं. आल्सीद त्या सीटकडे बघत होता.

टपरीवजा ऑफिसात हीटर भणभणत होता. जिल्बेरने कागद पुढे ओढला आणि न विचारताच वरच्या ओळीत अडेलचं नाव लिहायला घेतलं. त्याच्या बापानेही तिला दोन गाड्या विकल्या होत्या. गाडी म्हणजे तिचंच नाव.

"ते खोड," अडेल म्हणाली. "आल्सीदचं लिही."

"दोघांचं लिहितो."

"एकट्याचं."

जिल्बेरचं पेन थांबलं. मग त्याने तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि सगळी अक्षरं सावकाश, शाळेतल्यासारखी काढली. निघताना गिऱ्हाइकाशी तो हात मिळवत असे. आज त्याने अडेलला मिठी मारली आणि आत गेला.

जुनी गाडी जिल्बेरकडे सोडून ते हिरवीतून निघाले. परतीच्या वाटेवर तिने एका खाणावळीसमोर गाडी थांबवायला सांगितली. आत जाऊन तिने तळलेले बटाटे मागवले, वर वितळलेलं चीज आणि रस्सा घातलेले, आणि मोठा कप कॉफी. आल्सीदला वाटलं त्याच्यासाठीच. पण बशी तिने स्वतःपुढे ओढली आणि मीठ भुरभुरलं. बटाट्याच्या खोऱ्यात जन्म काढलेली ती बाई चौदा महिने बटाटे दोनदा उकडून, पाणी फेकून, चोथा खात होती. डॉक्टरांनी तंबीच दिली होती, बटाट्याने हृदय बंद पडेल म्हणून.

पहिला घास तिने तोंडात बराच वेळ ठेवला.

"अडेल."

"गुरुवारचं डायलिसिस नको म्हणून मी काल नर्सला सांगितलं," ती म्हणाली. "शनिवारचंही. त्यापुढचं कुठलंच नको म्हटलं. डॉक्टर तासभर बोलत बसले माझ्याशी. भला माणूस आहे."

"मला का नाही बोलावलंस? बाहेरच तर बसलो होतो."

"तू तेव्हा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतास."

त्याने टेबलाची कड धरली. गिरणीत मशीन बंद पडलं की एकदम शांतता व्हायची आणि कानात नुसती घरघर उरायची, तशी आता उरली होती.

"मी नीट चालवीन," तो म्हणाला. "आता गाडी चांगली आहे. परत तसं होणार नाही."

"त्या चरामुळे नाही रे." तिने काटा खाली ठेवला आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता. "मी दमले. बाकी काही नाही."

"किती दिवस?"

"दहा. दोन आठवडेही जातात कुणाकुणाचे." ती खिडकीबाहेर हिरव्या गाडीकडे बघत होती. "मार्चपर्यंत बर्फ हलत नाही इथला. तुला दुकानात जायला लागेल, चर्चला जायला लागेल, बहिणीकडे जायला लागेल. त्या घरात एकट्याने कोंडून बसायचं नाही. ऐकतोयस ना?"

त्याने मान हलवली. तिने बशी त्याच्याकडे सरकवली. त्याने एक बटाटा उचलला आणि तोंडात टाकला.

चार वाजायच्या आतच ऊन नदीपलीकडे उतरलं होतं. चर्चचा चढ लागला. खोऱ्यातला सगळ्यात वाईट चढ तो. वर काळा, काचेसारखा बर्फ धरला होता.

"मधोमध थांब," अडेल म्हणाली.

"इथे?"

"पुढे कोणी अडकलं तर थांबावंच लागेल. थांब आणि परत सुटून दाखव."

तो थांबला. ॲक्सिलरेटरवर पाय दिला, तशी चाकं सर्रकन फिरली आणि गाडी आडवी व्हायला लागली.

"पाय काढ. घाबरू नकोस. पायाखाली अंडं आहे असं धर. जराशीच हालचाल कर, मग बाकीचं गाडी करते."

दुसऱ्या वेळी चाकं जागीच घासली, मग धरली. तिसऱ्या वेळी गाडी न कुरकुरता, एका दमात सुटली आणि वर आली.

"जमलं," अडेल म्हणाली. तिने डोकं काचेला टेकवलं. ताठ सीटवर तिचं अंग एका बाजूला कललं होतं. "आता तुला माझी गरज नाही. घरी घे."

घराचा फाटा समोर होता. आल्सीदने गाडी फाट्याच्या तोंडाशी नेली, नाकाचं टोक बघत सावकाश वळवली आणि आला तसा चढ खाली उतरला. तळाशी पोचल्यावर तो पुन्हा वळला, अर्ध्या चढावर आणून त्याने गाडी थांबवली आणि पाय मुद्दाम जोरात दाबला. चाकं किंचाळत जागीच फिरली.

अडेलने डोळे उघडले. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. त्याची नजर समोर रस्त्यावर होती.

ती सावरून ताठ बसली. मांडीवरचं पांघरूण नीट केलं.

"पुन्हा," ती म्हणाली.