सत्तावीस नंबरच्या शेपटीखाली

फुंकरबाबांनी तंबूचा पडदा सारला आणि एक गुबगुबीत पिल्लू गर्दीसमोर उंच धरलं, तेव्हा डुकरांच्या शेडपुढे जमलेल्या पन्नास-साठ माणसांनी एकदमच हात जोडले.

"सोमवारी काय होतं? हाडांचं गाठोडं. आज काय आहे? बघा. पहिल्या फुंकरीत पीडा पळाली, दुसरीत भूक परतली, तिसरीत मांस चढलं." बाबांनी पिल्लाचा कान पुढे ओढला. "बिल्ला सत्तावीस. तुमचाच ना, काकू?"

बिल्ला काकूंचाच होता आणि शेडही त्यांचीच. पाच आठवडे झाले, दूध तोडलेली पिल्लं एकामागून एक वाळत होती. कातडी फिकट, कणा वर आलेला, चार पावलांत धाप. नऊ गेली. पलीकडच्या कप्प्यात चाळीस अजून धडधाकट होती आणि काकूंचा सगळा जीव त्या चाळिसांत अडकला होता.

"आता ती चाळीसही आणा," बाबा म्हणाले. "आळीतली आजारी पिल्लंही आणा. एकाच रिंगणात सगळ्यांना महाफुंकर."

काका कप्प्याचं दार उघडायला निघालेसुद्धा.

"काका, थांबा जरा," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सकाळपासून रबरी बूट घालून त्या एकच गोष्ट मागत होत्या: आज मेलेलं पिल्लू कापून बघू द्या. बाबांनी सुरी लावायला मनाई केली होती, म्हणून काका ऐकत नव्हते. "पिल्लं वाळायची कारणं दहा असतात. पण हा संसर्ग असला आणि तुम्ही सगळी एकत्र केलीत, तर ही चाळीसही जातील."

"अहो, पुरावा समोर आहे. बिल्ला दिसत नाही का तुम्हाला?" काका म्हणाले.

"दिसतो. पिल्लू मात्र मी ओळखत नाही. काकू, तुम्ही एकदा हातात घेऊन बघा."

काकूंनी पिल्लू काखेत घेतलं. सवयीने हात मागे गेला. शेडमधलं प्रत्येक नर पिल्लू पहिल्याच आठवड्यात त्या स्वतः खच्ची करत. वीस वर्षांत एक सुटलं नव्हतं. त्यांनी शेपटी उचलली. चष्मा पुसून पुन्हा उचलली.

"बाबा," त्या शांतपणे म्हणाल्या, "मांस चढलं, एक वेळ मानते. पण चौथ्या दिवशी मी जे काढून टाकलं होतं, ते दोन्हीच्या दोन्ही परत कसं आलं?"

गर्दीला कळायला जरा वेळ लागला. मग मागून म्हातारा शिंपी म्हणाला, "बाबा, आमच्या बोक्यालाही एक फुंकर मारा की. बिचारा उदास असतो."

"ती... जास्तीची कृपा," बाबा पुटपुटले.

डॉक्टरीणबाई तोवर तंबूत शिरल्या होत्या. मागच्या खोक्यात खरं सत्तावीस पडलं होतं, तसंच वाळकं, बिल्ला उपटून कान फाटलेलं. त्याच वयाचं, त्याच रंगाचं धष्टपुष्ट पिल्लू बाबांनी कुठून तरी आणलं होतं आणि बिल्ला त्याला लावला होता. तेवढी एक जागा बघायची राहिली.

सुरी काकूंनीच आणून दिली. सकाळी मेलेल्या त्या पिल्लाच्या जांघेतल्या गाठी सुजून अक्रोडाएवढ्या झाल्या होत्या.

"सापडला रोग," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"अजून नाही, नुसता संशय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझा संशय एका विषाणूवर आहे. पण तो ठणठणीत डुकरांतही असतो, म्हणून तो सापडला एवढ्याने भागत नाही. पिल्लू वाळलेलं हवं, सूक्ष्मदर्शकाखाली गाठींची नासधूस दिसायला हवी आणि त्याच नासधुशीत विषाणू भरलेला हवा. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच रोगाचं नाव घ्यायचं."

गाठींचे तुकडे प्रयोगशाळेत गेले आणि आठ दिवसांनी तिचं पत्र आलं. तिन्ही गोष्टी जुळल्या होत्या. वाळलेल्यांवर औषध नव्हतं आणि बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. सत्तावीस गेलं. चाळिसांना मात्र लस टोचली, कप्पे धुतले, दाटी कमी केली. सदतीस जगली.

त्या तिघांसाठी काकू रडल्या, पण कशाने गेली हे आता त्यांना माहीत होतं. पुढच्या वेळी काय करायचं, तेही.

तेव्हा मुलांनो, कोणी चमत्कार तुमच्या नाकासमोर धरला, तर हात जोडायची घाई करू नका. तो दाखवतो तो बिल्ला वाचा, आणि मग शेपटी उचलून बघा.