गळ्यातल्या नळीचं झाकण

बुडीच्या मास्कच्या काचेवर थुंकी चोळली की काच धुरकट होत नाही. थुंकी स्वतःचीच असली तर बरं.

दातांचा साचा घेतलेला गुलाबी लगदा तोंडातून बाहेर येतो तेव्हा त्याला लाळेची तार लागलेली असते. ती तुटेपर्यंत मी दुसरीकडे बघतो.

रबरी सूट वाळत नाहीत. आंबतात.

लहानपणी माझ्या पेल्याच्या तळाला लाल ठिपका होता. तो पेला चुकून ताईने तोंडाला लावला की मी तहानलेला झोपायचो.

पाण्याखालच्या गुहेत जीव घाबरला तरी वर येता येत नाही. वर दगड असतो.

*

मी कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं हाताळतो, पण प्लास्टरची, कोरडी, हातमोजे घालून. अशा माणसाने गुहेत बुड्या मारायला शिकावं हे कुणालाच पटलं नाही, मलाही नाही. पण ताई आधीपासून गुहांत बुड्या मारते; तिच्या बुडीतल्या जोडीदाराचा कान फुटला आणि तो पाण्यातून कायमचा उठला. ताईला तर गुहेतल्या आतल्या मोठ्या दालनापर्यंत जायचंच होतं. कुणी मिळालं नाही तर एकटी जाईन म्हणाली. ताई बोलते ते करते. आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी बुडी शिकवणाऱ्या मास्तरांकडे नाव घातलं.

*

मास्तर: हिरड्या सुजलेल्या. खालच्या दातांच्या मागे किटणाचा पिवळा बांध. हसले की दिसायचा, म्हणून ते हसत नाहीत याचं मला बरंच वाटायचं. सूट टांगायच्या खोलीत उभ्याउभ्या उकडलेलं अंडं खात शिकवायचे. एखाद्याचा पट्टा बोटभर सैल दिसला तरी त्याला अख्खं सामान उतरवून पुन्हा चढवायला लावायचे.

*

नियम सोपा आहे. प्रत्येकाजवळ पाठीवरच्या हवेच्या टाकीला जोडलेल्या श्वासाच्या दोन नळ्या. एक तोंडात, दुसरी गळ्यात लटकवलेली. जोडीदाराची हवा संपली की आपल्या तोंडातली काढून त्याला द्यायची आणि आपण गळ्यातली घ्यायची. तोंडातली चालू आहे हे नक्की असतं, आत्ताच तर तिच्यातून श्वास घेतलेला असतो. गळ्यातलीचा नुसता भरवसा.

पोहण्याच्या तलावातल्या पहिल्या सरावात मास्तरांनी गळ्यावरून हात फिरवून हवा संपल्याची खूण केली. मी गळ्यातली स्वच्छ नळी काढली आणि अदबीने पुढे केली.

वर आल्यावर ते म्हणाले, "पाहुणचार करायला आलायस का?"

*

मग कोरडा सराव. सूटच्या खोलीत, डोळे बांधून. माझ्या तोंडातली त्यांच्या तोंडात, त्यांच्या तोंडातली माझ्या. रबर कोमट असायचं. त्याला अंड्याचा बलक चिकटलेला असायचा, चुरा झालेला, आणि त्या हिरड्यांची गंजलेली चव. मध्ये एकदा खळबळून घेऊ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, घे की, तोवर तुझी बहीण थांबेल.

*

ओकारी आली तर नळी तोंडातून काढायची नाही. तिच्यातूनच ओकायचं, नळीवरचं बटण दाबून हवेने उरलंसुरलं उडवायचं आणि पुढचा श्वास घ्यायचा. हे त्यांनी चहाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

*

गळ्यातली नळी आता माझ्याच तोंडात जाणार होती. आणि ती लोंबायची कुठे, तर त्या खोलीत, जिथे सगळ्यांच्या सूटांतून पाणी ठिबकायचं. निव्वळ पाणी नव्हे. सूटमध्ये प्रत्येकजण मुततो, मास्तर तर सांगून मुतायचे. म्हणून मी साच्याच्या रबराचं एक छोटं झाकण ओतलं. नळीच्या तोंडावर घट्ट बसलं. तोंडात घ्यायच्या वेळी अंगठ्याने उडवायचं, असा बेत. परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी सामान तपासलं आणि त्यांची पाठ वळताच मी ते बसवलं.

*

गुहा. हातात वाटेची दोरी, मागे जोडीदार म्हणून ताई. आधी मास्तरांशी अदलाबदल झाली. त्यांची नळी आली, तिच्याबरोबर अंडं आलं. नळ्या आपापल्या मालकाकडे परतल्या तरी ती चव परतेना. शिकवल्याप्रमाणे मी नळीतूनच ओकलो, बटण दाबलं, श्वास घेतला. तो श्वास आंबट होता, आणि त्यात तुकडे होते.

त्यानंतर दिवे बंद करायचे होते. केले.

अंधारात ताईने माझा दंड दाबला आणि माझ्या गळ्यावरून बोट ओढलं. तिची हवा संपली होती. परीक्षेपुरती, पण स्वतःची नळी तिने खरोखर सोडून दिली होती. माझ्या तोंडात जे होतं ते सख्ख्या बहिणीच्या तोंडात कसं घालायचं? मी गळ्यातली दिली.

झाकणासकट.

तिने ती दातांत धरली, श्वास ओढला. काहीच आलं नाही. पुन्हा ओढला, हे तिच्या हाताला बसलेल्या हिसक्यावरून कळलं. मग तिची बोटं माझ्या चेहऱ्यावर आली, ओठ चाचपले, आणि माझ्या दातांतली नळी तिने उपटून नेली. मी अंधारात स्वतःचं झाकण नखांनी ओरबाडत होतो; ते निघालं तेव्हा मला श्वास मिळाला. बाहेर पडेपर्यंत ती माझ्याच ओकारीतून श्वास घेत होती.

*

काठावर ताई थुंकली. दातांच्या फटीतून काहीतरी काढून नखावर धरलं.

"टोमॅटोचं साल," ती म्हणाली. "अजून न चावताच गिळतोस."

झाकण मास्तरांच्या तळहातावर होतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि काम सुबक आहे म्हणाले. याने ही मेली असती, तरीही सुबकच म्हणावं लागेल, असंही म्हणाले. मग नळीकडे बोट दाखवलं.

"परत. धुवायची नाही."

आम्ही परत उतरलो. अंधारात ताईचं बोट गळ्यावर आलं आणि मी तोंडातली काढून दिली. किळस गेली नव्हती. ती तोंडभर होती, नाकात चढली होती. फक्त हात त्या किळसेसाठी थांबला नाही.

वर आल्यावर मास्तरांनी डब्यातून अंडं काढलं. ते सोलता सोलता ताईला म्हणाले, "ने याला दालनात."

*

ताईला टोमॅटोचा लहानपणापासून तिटकारा आहे. तरी बाहेर येईपर्यंत तिने माझी नळी सोडली नव्हती.