तेलाच्या खोलीचं दार

आमच्या तेलाच्या खोलीत परकं माणूस पाऊल टाकू शकत नसे. जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे आणि मिलची सगळी अब्रू त्या एका खोलीत आहे. तुरीला तेलाचा हात लावायचा, ढीग घालून ती मुरू द्यायची, मग उन्हात टाकायची. किती मुरली हे ढिगात कोपरापर्यंत हात घालून कळतं. कमी मुरली तर साल सुटत नाही, जास्त मुरली तर डाळीची कणी होते. ही विद्या आमच्याकडे सासू फक्त सुनेला देते. मुलीला नाही. मुलगी उद्या दुसऱ्या घरी जाणार, आणि आमच्या लोकांत दुसरं घर म्हणजे बहुधा दुसरी डाळ मिल.

मी त्या घरची सून, विधी. जीएसटीपासून कामगार कायद्यापर्यंत मिलचे सगळे कागद मी सांभाळते, पण ती तूर माझ्या हाताला कधी साधली नाही. सासूबाईंनी, म्हणजे सुगनबाईंनी, वर्षानुवर्षं माझ्यापुढे डोकं फोडलं आणि शेवटी नाद सोडला. आता मिलमध्ये हात एकच उरला होता, त्यांचा, आणि तोही संधिवाताने आखडत चालला होता. तो थांबला की आमची डाळ बाजारातल्या कुठल्याही डाळीसारखी होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

त्यातच सरकारी पत्र आलं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, तुम्ही अजून का घेतले नाहीत? माझ्या नवऱ्याचा, अर्पितचा, तिळपापड झाला. विद्यावेतन द्यायचं, शिकवायचं, आणि शिकून शहाणा झालेला माणूस शेजारच्या मिलवाल्याने उचलायचा! मित्रांनी त्याला सोपी वाट दाखवली: उमेदवार घे, गोण्या शिवायला बसव, वर्ष संपलं की प्रमाणपत्र देऊन मोकळा हो.

मिल सासूबाईंच्या नावावर, म्हणून उमेदवारीच्या करारावर सही त्यांची. त्यांनी मला तो अख्खा वाचून दाखवायला लावला. मालक उमेदवाराला कामाचं पूर्ण प्रशिक्षण देईल, या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि आपल्या मिलचं काम म्हणजे नेमकं काय, असं अर्पितला विचारलं. तो मशीन, चाळणी, पॅकिंग असं काहीबाही सांगू लागला. त्यांनी मान हलवली. ते तर सगळीकडेच असतं, म्हणाल्या. आपलं काम तेलाच्या खोलीत आहे.

अर्पितने समजावून पाहिलं, आदळआपट करून पाहिली. जैन घरात गुरुमहाराजांसमोर नेम घेतात, त्याला पच्चक्खाण म्हणतात. सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचं नाही हे सासूबाईंचं पच्चक्खाण तापातही मोडलेलं मी पाहिलेलं नाही.

“सही म्हणजे पच्चक्खाण,” त्या म्हणाल्या. “करायची तर पाळायची.” आणि सही केली.

आलेल्या उमेदवारांपैकी त्यांनी दिपमालाला निवडलं. साक्रीकडच्या खेड्यातली, बारावी झालेली, धीट पोरगी. पहिल्या दिवशी ती खोलीच्या उंबऱ्याशी घुटमळली, तर सासूबाईंनी तिच्याच बोलीत तिला आत घेतलं.

“मी तुले बठ्ठं सांगसू. तुले बठ्ठं शिकनं पडी.”

आणि खरंच सगळं सांगितलं. मी दाराशी उभी राहून जळफळत होते. सुनेचा मान असा सरकारी कागदावर वाटला जातो का? पण त्या बाईचं शिकवणं पाहताना राग टिकेना. दिपमालाने एक अख्खा ढीग जास्त मुरवून नासवला, तेव्हा सासूबाई शेजारी बसून होत्या. त्यांना आधीच कळलं होतं. तोंडातून शब्द काढला नाही, कारण चूक तिच्या हाताला कळायला हवी होती. अर्पित कपाळाला हात लावून बसला. आम्ही महिनाभर कण्यांची खिचडी खाल्ली. पण पुढचा ढीग त्या पोरीने असा नेमका धरला की मी सासूबाईंना मनोमन हात जोडले. मला शिकवतानाही त्या अशाच होत्या. कसर माझ्या हातात होती.

वर्ष संपलं, दिपमाला परीक्षा पास झाली आणि अर्पितला जी भीती होती तेच झालं. तिला दुसऱ्या मिलने बोलावलं. मिल नरडाण्याची होती, माझ्या नणंदेच्या, पलकच्या सासरची. तिथे डाळ फार फुटायची. अर्पितने मला करार पुन्हा काढायला लावला. मी सांगितलं, नोकरी देणं आपल्यावर बंधनकारक नाही, तसं इथे राहणं तिच्यावरही नाही. तो सासूबाईंकडे धावला.

“जाऊ दे तिला,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी दुसरे येतील. कायदा काय कुठे पळून चाललाय?”

दिपमालाला न्यायला पलक स्वतः गाडी घेऊन आली. मी तिला मागे घेऊन गेले, तर तेलाच्या खोलीच्या दाराशी तिचे पाय आपोआप थांबले. लहानपणी ती याच उंबऱ्यावर बसून आईची वाट पाहायची. आत दिपमाला शेवटच्या ढिगात हात घालून उभी होती, शेजारी सासूबाई.

“अक्का, आते तयार शे,” दिपमाला म्हणाली.

सासूबाईंनी हात घालून पाहिलाही नाही. दाराकडे वळून पलकला म्हणाल्या, “आत ये.”

पलक आली. सासूबाईंनी तिच्या कुर्त्याची बाही वर सारली, तिचा हात ढिगात कोपरापर्यंत घातला आणि वरून आपला आखडलेला हात ठेवला. ओलसर, कोमट तूर काय सांगते ते त्या हळूहळू सांगू लागल्या. पलकचे डोळे भरून आले. माझेही, लपवू कशाला.

“मम्मी, हे मला आधी का नाही शिकवलंस?”

सासूबाईंनी हात काढला नाही.

“हिच्यासाठी सरकारने माझी सही मागितली,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासाठी कुणी मागितलीच नाही, बेटा.”