शिंगावरची छत्री

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. तोंड लाल, दात सोनेरी, डोक्यावर दोन शिंगे आणि स्वभाव अतिशय वाईट. तो वाईट असावा म्हणूनच मला घडवले आहे. ओगा द्वीपकल्पाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या इवासावा वस्तीतल्या गेन्पाची सुताराने मला देवदाराच्या ओंडक्यातून कोरले. बायकोशी भांडण झाले की तो मला कोरायला बसे. त्या दोघांचे पटले असते, तर मी इतका भयंकर झालो नसतो.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी गावातली तरणी पोरे पेंढ्याचे झगे घालत, आम्हाला तोंडावर चढवत आणि घरोघर शिरत. त्या वेळी माणूस माणूस राहत नाही, डोंगरावरून उतरलेला नामाहागे, म्हणजे राक्षसरूपी देव होतो. थंडीत कामधाम सोडून जो शेगडीशी बसून राहतो, त्याच्या नडग्यांवर लाल चट्टे उठतात. ते चट्टे सुरीने सोलून काढायला आम्ही येतो. खरे तर कधीच सोलत नाही, पण हे मुलांना सांगायचे नसते. घरातले वडीलधारे माणूस ठेवणीतले कपडे घालून आम्हाला बसवते, साके म्हणजे तांदळाची दारू गरम करून पाजते, भाजलेली मासळी वाढते आणि घरच्यांच्या कागाळ्या सांगते. मग आम्ही गरजायचे आणि चुकलेल्याकडून वचन घ्यायचे. मुखवट्यामागचा माणूस ओळखीचा असला तरी त्याचे नाव कुणी घेत नाही, आणि त्यानेही आपली ओळख द्यायची नसते.

अशाच एका वर्षी तोमे नावाच्या तरुण बाईने आपल्या सहा वर्षांच्या हिदेमित्सुची कागाळी केली. पोराने शेजारणीच्या वळचणीला सुकत टांगलेली तेंदुफळे खाल्ली होती आणि आळ धाकट्या बहिणीवर घातला होता. मी असा काही गरजलो की पोराने बसल्या जागी चटई ओली केली. चुलत भावंडे हसली. शाळेत त्याचे नाव ‘ओला हिदे’ पडले आणि ते त्याला मिशी फुटेपर्यंत पुरले. त्याने चोरी सोडली, खोटे बोलणेही सोडले. मला मात्र त्याने माफ केले नाही.

हिदे तोक्योला शिकून परत आला. गरम पाण्याच्या झऱ्याजवळ त्याने प्रवाशांसाठी मोठे विश्रामगृह बांधले आणि बघता बघता तो गावच्या उत्सवाचा प्रमुख झाला. प्रमुख झाल्यावर त्याने पहिले काम केले ते माझे. “हा फार जड आहे, पोरांच्या माना दुखतात,” असे सांगून त्याने कारखान्यातून प्लॅस्टिकचा हलका मुखवटा आणवला आणि मला देवळातून काढून आपल्या विश्रामगृहात जोड्यांच्या कपाटावर खिळ्याला टांगले.

तिथे माझी जी शोभा झाली, ती वैऱ्याची होऊ नये. पाहुणे माझ्या शिंगांना ओल्या छत्र्या अडकवत. त्यांची मुले माझ्या दातांत बोटे घालून फोटो काढत. आणि बायका म्हणत, “अय्या, किती गोंडस!”

गोंडस! मला कुऱ्हाडीने फोडून चुलीत घातले असते तरी चालले असते.

रोज सकाळी पहिली छत्री हिदेची असे. ती अडकवून तो माझ्या गालावर थोपटायचा आणि म्हणायचा, “काय म्हातारबा, ओरड की आता!” वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी बाहेर बर्फातून माझ्याच भाईबंदांच्या आरोळ्या ऐकू येत आणि मी इथे छत्रीचे पाणी गाळत लटकलेला असे. मित्रांनो, तुमच्यासारखा मी रडलो नाही. मी दात खाल्ले. याला एकदा तरी रडवीन, आणि तेही चारचौघांत, एवढीच माझी प्रतिज्ञा होती.

मग वेळ कमी उरला. सेंदाईच्या एका सहल कंपनीशी हिदेचे जमले. ती प्रवासी पाठवणार आणि नव्या वर्षात हा मला फळीवर कायमचा ठोकून कंपनीच्या कचेरीला भेट देणार, असे ठरले. म्हणजे उरलेला जन्म मी डोंगर न पाहता दिव्याखाली हसऱ्या माणसांकडे बघत काढायचा.

पण कंपनीने एक अट घातली. प्रवाशांना विश्रामगृहातला खेळ नको, खऱ्या घरात शिरलेला खरा नामाहागे हवा. हिदे घरोघर फिरला. परक्या लोकांसमोर घरच्या कागाळ्या सांगायला कोण तयार होणार? शेवटी त्याची आई तोमे म्हणाली, “माझ्याकडे आण की सगळ्यांना. पण मुखवटा गेन्पाचीचा पाहिजे. त्या तुझ्या प्लॅस्टिकच्या टमरेलाला मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.”

“आई, तो फार जड आहे गं.”

“मग? मान तुझी दुखणारे का?”

दुखणार त्याचीच होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मला चढवणारा पोरगा अकिता शहराहून निघाला आणि वादळात आगगाडी अडकली. प्रवासी तर तोमेच्या घरी गुडघे मोडून बसलेले. आमच्यापुढे जाऊन दारोदार वर्दी देणारा म्हातारा कोळी कुनिझो म्हणाला, “हिदे, आता तूच चढव. साठीला आलास म्हणून काय झालं? आरडाओरडा तर रोज नोकरांवर करतोसच.”

असा तो माझ्या आत आला. त्याचा घाम मला लागला. त्याचा श्वास कोंडत होता आणि मी त्याला मुळीच जागा दिली नाही.

आम्ही पाय आपटत घरात शिरलो. पहिल्या रांगेत बसलेली एक पोरगी किंचाळून बापाच्या पाठीमागे लपली. सकाळीच तिने मला गोंडस म्हटले होते. अहाहा! किती वर्षांनी कान निवले.

काळा किमोनो घातलेल्या तोमेने वाकून नमस्कार केला, साके ओतली, पानात मासळी आणि धुरावलेल्या मुळ्याचे लोणचे वाढले.

“नामाहागेदेवा, बर्फातून आलात, दमला असाल. आमच्या घरात एक आळशी माणूस आहे, त्याचं काहीतरी करा.”

“को-कोण तो?” हिदे घोगऱ्या आवाजात ओरडला.

“माझा मुलगा. दिवसभर शेगडीशी पाय पसरून हुकूम सोडतो. नडग्या बघा त्याच्या, चट्टेच चट्टे! आईकडे महिना महिना फिरकत नाही. माझ्या हातचं लोणचं पाहुण्यांना आपलं म्हणून वाढतो, मला मात्र कधी चांगलं झालंय म्हणाला नाही.”

कंपनीचा माणूस प्रवाशांना हे हळू आवाजात समजावत होता. प्रवासी खूश होऊन माना डोलावत होते. हिदे नडग्यांवर पेंढा ओढून घेत होता, ते फक्त मला आणि कुनिझोला दिसत होते.

“मी त्याला... मी त्याला समज देतो,” हिदे म्हणाला.

“समज?” तोमेने पंखा मांडीवर आपटला. “गेन्पाचीचा नामाहागे नुसती समज देतो? आणि अजून संपलं नाही माझं. त्या कार्ट्याने तुमचंच तोंड खिळ्याला टांगलंय. तुमच्या शिंगाला छत्री लावतो. लहानपणी घाबरला होता, त्याचा डूख धरून बसलाय. एवढा मोठा बाप्या झाला, पण आत अजून तेच पोर आहे. माझंही चुकलं असेल, पोरं हसली तेव्हा मी त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण म्हणून देवाला खुंटी करायची?”

आईला मुलाची चाल ओळखू येत नाही होय? दारातून शिरला तेव्हाच तिने त्याला ओळखले होते. आता नाव घ्यायची सोय नव्हती आणि मुखवटा काढायचीही. हिदेला स्वतःवरच गरजावे लागले.

“त्याला सांग!” तो ओरडला आणि त्याचा आवाज फाटला. “मुखवटा देवळात परत ठेव म्हणावं! आजच! आणि आईकडे... आईकडे रोज जात जा म्हणावं!”

“सांगते हं,” तोमे म्हणाली. “आता मासळी खा, गार होतेय.”

प्रवाशांनी टाळ्या पिटल्या. माझ्या आतून पाणी हनुवटीपर्यंत ओघळले. तो घाम नव्हता. चारचौघांत रडवीन म्हटले होते, रडवले. तुम्हाला वाटत असेल की मला त्याची दया आली. अजिबात नाही, मला फार गोड वाटले.

त्याच संध्याकाळी त्याने मला देवळात नेऊन ठेवले. सेंदाईला ते टमरेल गेले. तिथे कुणालाही फरक कळला नाही.

पुढच्या वर्षी मला चढवायला हिदे आपणहून आला. आम्ही वस्तीच्या वरच्या टोकाकडून घरे घेत उतरलो. तोमेच्या दाराशी आलो आणि तो थांबला. आत दिवा नव्हता. पाने गळायच्या दिवसांत तोमे गेली होती, आणि ज्या घरात वर्षभरात कुणी गेले असेल, त्या घरात आम्ही पाऊल टाकत नाही. हिदे तसाच उभा राहिला. माझ्या आत अगदी हळू म्हणाला, “आई, सांग ना काहीतरी माझं.”

कुनिझोने त्याची बाही ओढली. “चल बाबा. पुढच्या घरी साके गरम करून ठेवलीय.”

मित्रांनो, आमच्याकडे फिरायला जरूर या. बर्फ बघा, झऱ्याच्या गरम पाण्यात डुंबा, मासळी खा. माझ्यासारखे जुने काही दिसले तर त्यात बोटे घालू नका, आणि गोंडस तर चुकूनही म्हणू नका, मी डूख धरतो. आणि परत गेल्यावर तुमच्या घरात तुमच्या कागाळ्या सांगणारे जे कोणी असेल, त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बसा. मी राक्षस आहे, कुणाच्याही घरात न विचारता शिरतो. पण त्या दारावरून मलाही मुकाट्याने पुढे जावे लागले.